घरातून कचेरीत



पूर्वी संगणक आधी कचेरीत आला, मग घरात. आता प्रवाह उलटा वाहतो आहे. फेसबुक-ट्विटर घरोघरी रुळले, तेव्हा कामाची साधनेही तशीच सोपी हवीत, अशी अपेक्षा निर्माण झाली. २००८ साली त्याच धर्तीवर ‘यॅमर’ निघाले; २०१२ साली मायक्रोसॉफ्टने ते १.२ अब्ज डॉलरना घेतले. ‘ग्लिच’ हा खेळ बंद पडला. परंतु तो रचणाऱ्यांचे आपसांतील संवादाचे साधन पुढे ‘स्लॅक’ झाले. २०२१ साली सेल्सफोर्सने त्यासाठी सुमारे २७.७ अब्ज डॉलर मोजले.

सोय झाली, हे खरे. परंतु गप्पांच्या वेगाने काम येऊ लागले आणि उत्तरही तत्काळ हवे झाले. घरातील साधन ज्या वाटेने कचेरीत गेले, त्याच वाटेने कचेरी घरात शिरली. दिवेलागणीनंतर तरी हा उंबरठा मालक आणि कर्मचारी, दोघांनीही पाळावयास हवा.