हातमोज्याची किंमत कोणी द्यायची?



घरातला बिघडलेला संगणक आपण भंगारवाल्याला देतो, चार पैसे मिळाले म्हणून समाधान मानतो. पुढे तो मुंबईत कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांत, दिल्लीच्या सीलमपुरात किंवा मुरादाबादेत माणसांच्या हातांनी फोडला जातो. 2022 साली जगात असा 62 अब्ज किलो कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा झाल्याची नोंद चौथ्या हिश्श्याचीही नाही.

हे काम कसे चालते? छिन्नी-हातोड्याने पत्रा फोडताना बोटे कापतात, डोळ्यांत कपची उडते. तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर निघतो. सोन्यासाठी पट्ट्या तेजाबात बुडवतात. त्याने कातडी जळते, वाफेने छाती भरते. जखम निदान दिसते. शिसे दिसत नाही. ते कपड्यांवर बसून घरी जाते आणि लेकरांच्या मेंदूला अपाय करते.

"मग हे लोक हातमोजे का घालीत नाहीत?" असे सुशिक्षित माणसे विचारतात. उत्तर मजुरीत आहे. मजुरी नगावर किंवा किलोवर. जाड मोज्यात बारीक स्क्रू धरता येत नाही. हात मंदावला की संध्याकाळची कमाई घटते. मोजा विकत घ्यायचा तोही स्वतःच्या पैशाने! शिवाय कापडी मोजा तेजाबात भिजला, तर तेच तेजाब कातडीला चिकटवून ठेवतो. तोंडावरचे फडके थोडी धूळ अडवील, वाफ अडवणार नाही.

म्हणून क्रम नीट लावला पाहिजे. आधी तारा जाळणे आणि उघड्यावरचे तेजाब बंद. मग धूर ओढून नेणारी यंत्रणा. त्यानंतर कामाजोगते मोजे आणि चष्मा, मालकाच्या खर्चाने. आणि ते घालून जेवढे काम होईल, त्यावर पोट भरेल असा दर. मोजा ही शेवटची भिंत आहे, पहिली नव्हे.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत या कामगारांची नोंदणी, त्यांचे गट बांधण्यास साहाय्य आणि त्यांच्या आरोग्यावर देखरेख ही राज्य सरकारची कर्तव्ये सांगितली आहेत. ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याचे बोट तुटले तर भरपाई मागायची कोणाकडे? नुसते गाळ्यांना टाळे ठोकाल, तर हेच काम अधिक अंधाऱ्या बोळात जाईल.

आपण नागरिकांनी आपले भंगार नोंदणीकृत केंद्राला द्यावे, हे योग्यच. पण तेवढ्यावर थांबू नका. तेथे ते फोडणाऱ्याचे नाव पटावर आहे का, हेही विचारा. तो प्रश्न आपण विचारू लागलात, तर आमचे निम्मे काम झाले असे मी समजेन.