सापळाच नाही तर पतंग दिसणार कुठून?
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचे सोडून आज आम्ही कोरोनाचे काय घेऊन बसलो, असे काहींच्या मनात आले असेल. साथ येऊन गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीरही केले. मग जुने उकरायचे कशाला? उकरायचे एवढ्यासाठी, की त्या दोन वर्षांत रोज आकडे आपल्यापुढे येऊन पडत होते. ते वाचायचे कसे हे आपल्याला कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. त्याची किंमत आपण मोजली आहे.

आधी आमची चूक सांगतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण वाढू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. आमच्या तालुक्याच्या यादीत मात्र बहुतेक गावांपुढे शून्य होते. त्या शून्याच्या भरवशावर आम्ही मंगल कार्यालयात कार्यकर्त्यांची बैठक घेतली. महिन्याच्या आत आमचे दोन सहकारी गेले. त्यांतला एक सभेच्या सतरंज्या अंथरण्यापासून कोर्टाच्या तारखांपर्यंत सगळे सांभाळणारा होता. त्यांना लागण बैठकीतच झाली, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नंतर चौकशी केली तेव्हा कळले, की त्या आठवड्यात आमच्या गावातल्या एकाही माणसाची तपासणी झालेली नव्हती. ते शून्य रुग्णांचे नव्हतेच, तपासण्यांचे होते.

लाज याची वाटते, की आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. हाच धडा गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत आम्ही बांधाबांधावर जाऊन तुम्हाला देत होतो.

वीस बोंडांचा हिशेब

कामगंध सापळा लावलाच नाही तर पतंग सापडणार नाही. म्हणून शेतात अळी नाही, असे कोणी म्हणेल का? सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग आले की आपण सावध होतो. वीस हिरवी बोंडे फोडायची. दोन किडकी निघाली तर दहा टक्के. नुसते 'दोन बोंडे किडकी' म्हटल्याने काही कळत नाही. किती फोडली, हे आधी विचारावे लागते.

माणसांच्या आजाराचेही तसेच आहे. पाच रुग्ण सापडले, पण तपासले किती? शंभरांत पाच आणि वीसांत पाच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाच टक्क्यांच्या वर प्रमाण गेले की साथ हाताबाहेर चालली असे समजा, हा दंडक जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच दिला होता. यातही एक मेख आहे. तपासायला येतो तो बहुधा तापाने फणफणलेला माणूस. म्हणजे मुद्दाम किडकी झाडे निवडून बोंडे तोडल्यासारखे झाले. म्हणून ती टक्केवारी सगळ्या गावाची समजू नये. गेल्या आठवड्यापेक्षा चढली की उतरली, हे पाहावे.

सापडले तेवढेच रुग्ण, असेही नसते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये आयसीएमआरने देशभर रक्ताचे नमुने तपासले. नोंदलेल्या एका रुग्णामागे लागण झालेली माणसे २६ ते ३२ निघाली.

आजचा आकडा आजचा नसतो

लागण झाल्यावर ताप यायला पाच-सहा दिवस, मग अंगावर काढण्यात दोन दिवस, अहवालाला आणखी दोन. म्हणजे आज छापून आलेला आकडा आठ-दहा दिवसांपूर्वीची हकीकत सांगतो. मृत्यूचा आकडा तर आणखी दोन-तीन आठवडे मागचा. रविवारी तपासण्या कमी होत, म्हणून सोमवारचा आकडा हटकून खाली दिसे आणि पारावर लोक म्हणत, 'उतरली साथ'. मे-जून २०२१ मध्ये नोंदवायचे राहून गेलेले जुने मृत्यू एकेका दिवसाच्या आकड्यात घातले गेले, तेव्हा उलट घबराट झाली. एका दिवसाच्या आकड्याने हुरळू नये आणि हबकूही नये. सात दिवसांची बेरीज मागच्या सात दिवसांच्या बेरजेशी ताडून पाहावी.

आणि दुपटीचे भान ठेवावे. फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला राज्यात दिवसाला दोन-तीन हजार रुग्ण सापडत. १८ एप्रिलला एका दिवसात ६८,६३१ सापडले. अडीच हजार धरून हिशेब करा, पाच दुपटीही पुऱ्या होत नाहीत. मावा पहिल्या चार पानांवर असतो तेव्हा दिसत नाही, आठवड्यांनी सारे शेत चिकट होते, तसेच हे.

हा आकडा आपल्या पोटाचाही आहे

४ जून २०२१ च्या सरकारी आदेशाने जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले. बाधितांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर. प्रमाण वीस टक्क्यांवर गेले किंवा पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त खाटा भरल्या, तर पाचवा. मोठ्या महापालिका वेगळ्या काढल्या. बाकी सगळा जिल्हा एकाच दावणीला. कोपऱ्यातल्या तालुक्यात रुग्ण नसला तरी निर्बंध मात्र जिल्ह्याच्या हिशेबाने. आठवडी बाजार भरत नव्हता तेव्हा बांधावर भाजी सडली, ती कोणाची होती? ज्या आकड्यावर आपले बाजार बंद होतात तो आकडा गाववार मागणे, हा आपला हक्क आहे.

धोका सगळ्यांना सारखा नव्हता, हेही लक्षात घ्या. उघड्या रानात निंदण करणाऱ्या बाईपेक्षा बंद दालनात पंगतीला बसलेल्याला धोका जास्त. पंचविशीतल्या पोरापेक्षा साखर असलेल्या त्याच्या आजोबांना कितीतरी जास्त. आमच्या हातून याच्या उलट झाले. शेतावर जायला घाबरलो आणि लग्नाला गेलो.

आता काय करायचे

प्रत्येक शाखेने तीन कामे अंगावर घ्यावीत. पहिले, आशाताई आणि आरोग्य सेविका यांच्याकडून तापाच्या रुग्णांची आठवड्याची बेरीज घेऊन शाळेच्या फळ्यावर लिहावी, नावे न लिहिता. दुसरे, साथ आली तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे रुग्णांबरोबर तपासण्यांचाही आकडा मागावा. तोंडी मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागावा. तिसरे, ग्रामपंचायतीतली मृत्यूची नोंदवही पाहावी. मागच्या पाच वर्षांत त्या महिन्यात सरासरी किती माणसे गेली आणि यंदा किती? तपासण्या झाल्या नाहीत तरी ती वही बोलते. मात्र घरोघरचे मृत्यू त्या वहीत चढले पाहिजेत; नोंद एकवीस दिवसांत करायची असते.

आमच्या गावची २०२१ ची वही आम्ही नंतर पाहिली. आमच्या दोन्ही सहकाऱ्यांची नावे तिच्यात आहेत. मार्चमध्येच ती उघडून पाहिली असती तर एप्रिलमधल्या तीन लग्नांना आम्ही गेलो नसतो, आणि तुम्हालाही जाऊ दिले नसते.