खड्डा आणि दुचाकीस्वाराचा हक्क

मूलहून चंद्रपूरला किंवा गडचिरोलीला दुचाकीने जाणाऱ्याला जंगलातला रस्ता ठाऊक असतो. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. चारचाकीला तिथे हादरा बसतो; दुचाकीवरचा माणूस थेट डांबरावर आपटतो.

चांगला रस्ता ही मेहेरबानी नाही. 2013 साली न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना खड्ड्यांविषयी पत्र लिहिलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका केली. सुस्थितीतला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं. ऑक्टोबर 2025 मध्ये भरपाईची रक्कमही ठरवली: खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये.

हा हक्क मागावा लागतो, आणि मागताना पुरावा लागतो. खड्ड्याचा फोटो, तारीख, जवळचा किलोमीटरचा दगड, पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याची कागदं जपून ठेवा. भरपाईच्या अर्जाची पोच घ्या. रस्ता दुरुस्तीसाठी मात्र एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, म्हणून गावातल्या दुचाकीस्वारांनी मिळून सह्यांचं निवेदन द्यावं आणि ग्रामसभेत ठराव घ्यावा. मार्गदर्शनासाठी चंद्रपूरचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. हेल्मेट मात्र आजपासूनच घाला.