रिनोव्हेट म्हणजे नेमकं काय करायचं?

आजच्या भागात एकच इंग्रजी क्रियापद घेऊया: रिनोव्हेट. पुण्यातला फ्लॅट असो की आमच्या श्रीगोंद्यातलं जुनं घर, काम काढलं की हा शब्द येतोच. फक्त प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा असतो, आणि घराच्या बाबतीत तो फरक महागात पडतो.

आधी शब्द फोडू. मूळ लॅटिन. 'री' म्हणजे पुन्हा, 'नोव्हस' म्हणजे नवा. हा 'नोव्हस' आणि आपला 'नव' एकाच कुळातले बरं का! म्हणून 'नूतनीकरण' हा प्रतिशब्द चपखल बसतो. अर्थ असा: जुनी वास्तू उभी ठेवून ती पुन्हा चांगल्या अवस्थेत आणणं. यातलं 'उभी ठेवून' लक्षात ठेवा.

आता त्याची भावंडं बघू. रिपेअर म्हणजे दुरुस्ती. नळ गळतोय, कौल फुटलंय, तेवढंच नीट करायचं. आपली डागडुजी हीच. रिफर्बिश म्हणजे साफसफाई, रंग, फिटिंग बदलून वस्तू किंवा जागा वापरायला चकाचक करणं. रिफर्बिश्ड मोबाइल सगळ्यांना माहीत आहे, रिनोव्हेटेड मोबाइल कुणी म्हणत नाही. रिनोव्हेट प्रामुख्याने इमारतीला आणि खोल्यांना लागतं.

रिस्टोअर म्हणजे मूळ होतं तसं परत आणणं. आपल्याच तालुक्यात पेडगावला, भीमेच्या काठी, बहादूरगडात जुनी कोरीव दगडी मंदिरं आहेत. तिथल्या दगडावर ऑइल पेंट मारला तर ते नवं दिसेल, पण त्याला रिस्टोअर म्हणता येणार नाही.

आणि रीबिल्ड म्हणजे पुन्हा बांधणं. आपल्या जिल्ह्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकर. त्यांनी १७८० च्या सुमारास काशी विश्वनाथाचं मंदिर नव्याने बांधलं. आपण त्याला जीर्णोद्धार म्हणतो. इंग्रजीत तिथे रीबिल्ड लागेल, कारण आधीचं देऊळ पाडलं गेलं होतं. आपला 'जीर्णोद्धार' दोन्हीकडे चालतो, इंग्रजी शब्द चालत नाही.

आता खरी गंमत. आमच्या भावकीत एका माळवदाच्या घराचं काम निघालं. पुण्याच्या भावाने ग्रुपवर लिहिलं, "घर रिनोव्हेट करूया." सगळ्यांनी अंगठे दिले. चुलत्यांना वाटलं, वरची माती उतरवून स्लॅब टाकायचा. भावाच्या डोक्यात होतं, सगळं पाडून खाली पार्किंग. आजीला एवढंच हवं होतं की पावसाळ्यात माळवद गळू नये. शब्द एक, घरं तीन! मिस्त्री आले आणि त्यांनी एकच विचारलं, "भिंती ठेवायच्या का पाडायच्या?" तेव्हा कुठे सगळे बोलायला लागले. आजी म्हणाली, "पाडायचं असंल तर तसं सांगा ना, इंग्रजीत कशाला सांगता?"

हा प्रश्न नुसत्या भावनेचा नाही. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीवर स्लॅबचं वजन टाकायचं का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवावं लागतं. पैशाचंही तसंच. स्वतः राहतो त्या घरासाठी जुन्या कररचनेत, खरेदी किंवा बांधकामाच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट अटी पाळल्या तर वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत मिळते. दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावर मात्र कमाल ३० हजार. म्हणजे कागदावर कोणतं क्रियापद लिहिलंय, त्याला किंमत आहे.

वाक्यात कसं वापरायचं? 'वी रिनोव्हेटेड द हाउस' बरोबर आहे. पण काम मिस्त्रीकडून करवून घेतलं हे स्पष्ट सांगायचं असेल तर 'वी हॅड द हाउस रिनोव्हेटेड'. मराठीतला 'करणे' आणि 'करवून घेणे' हाच फरक. 'रिनोव्हेट अगेन' फक्त तेव्हाच म्हणा, जेव्हा एकदा काम होऊन परत दुसऱ्यांदा काढलंय. नाहीतर 'पुन्हा' त्या 'री'मध्ये आलेलंच आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रिफॅक्टर आणि रीराइट यात असाच फरक करतो. रिफॅक्टरमध्ये बाहेरून दिसणारं काम तेच राहतं, आतली मांडणी सुधारते. रीराइटमध्ये सगळं कोऱ्या फाइलपासून. कोणतं करतोय हे आधी ठरवलं नाही, तर मुदतही चुकते आणि बजेटही.

घराचंही असंच करा. काम काढण्याआधी एका कागदावर दोन याद्या लिहा: काय राहणार आणि काय जाणार. दुसऱ्या यादीत भिंतीच असतील तर त्याला रिनोव्हेट म्हणू नका. आणि ती यादी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला वाचून दाखवा, मराठीत.

सारवणे, लिंपणे, शाकारणे, पोतारणे… घर नीट ठेवायची आपली क्रियापदं किती तरी आहेत. तुमच्या गावात अजून कोणती आहेत, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!