तीस दिवसांची नोटीस



मी संगमनेरचा, बायको मराठा घरातली. लग्न ठरलं तेव्हा माझ्या फुफीने विचारलं, “ती कलमा कधी पढणार?” तिच्या काकांनी विचारलं, “तो नाव बदलणार का?” दोघांना आमचं एकच उत्तर होतं : कुणीच काही बदलणार नाही.

असं म्हणता आलं ते १९५४च्या विशेष विवाह कायद्यामुळे. १८७२च्या जुन्या कायद्याखाली मला ‘मी मुसलमान नाही’ आणि तिला ‘मी हिंदू नाही’ असं लिहून द्यावं लागलं असतं.

प्रक्रिया साधी आहे. दोघांपैकी एकजण जिथे किमान ३० दिवस राहतोय, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. ती कार्यालयात ठळक जागी लागते. ३० दिवसांत कुणीही आक्षेप घेऊ शकतो, पण कारणं ठरलेली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, मुलगा २१ किंवा मुलगी १८ वर्षांची नसणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, निषिद्ध नातं. चुलत-मामे भावंडंही या निषिद्ध यादीत आहेत, हे आपल्यात अनेकांना ठाऊक नसतं. धर्म, जात, आईबापांची नाराजी मात्र कुठेच नाही.

आमची नोटीस लागली आणि सातव्या दिवशी सासऱ्यांना अनोळखी माणसाचा फोन आला. पत्ता नोटिशीवरूनच घेतलेला. त्या रात्री मला सोनई आठवलं. २०१३मध्ये आपल्याच जिल्ह्यात आंतरजातीय प्रेमावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली होती. लोकांची माहिती सुरक्षित ठेवणं हे माझं रोजचं काम. इथे सरकारच ती भिंतीवर लावतं. २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं की, जोडप्याने मागणी केली तरच नोटीस प्रसिद्ध करावी. हीच सवलत कायद्यात लिहिली जावी, अशी आपली मागणी हवी.

आणि हा कायदा फक्त आमच्यासारख्यांसाठी नाही. हमीद आणि मेहरुन्निसा दलवाई यांनी १९५६मध्ये निकाहानंतर याच कायद्याखाली लग्न नोंदवलं. या नोंदणीनंतर दुसरी बायको करता येत नाही, तलाक कोर्टातूनच होतो, आणि वारसा १९२५च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. म्हणजे मुलीला मुलाइतकाच हिस्सा.

नोटीस देण्याआधी दोन गोष्टी ठरवा : ते ३० दिवस कुठे राहायचं आणि सहीला येणारे तीन साक्षीदार कोण. आमच्या तिघांत एक सही फुफीची आहे.