नावावाचून केलेली सेवा

पदवी घेणाऱ्या बंधुभगिनींनो,

आज तुमचे प्रत्येकाचे नाव पुकारले गेले, टाळ्या पडल्या. आनंद करा, तो तुमचा हक्कच आहे. पण उद्या तुमच्यापैकी पुष्कळजण अशा मंडळीत जाल जिथे रविवारी उपासनेला दहा-बारा माणसे असतील आणि टाळ्या कुणीही वाजवणार नाही.

पंडिता रमाबाईंचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांनी एकटीने मराठीत आणले. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. पण ते शास्त्र छापले कुणी? केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथेच आसरा मिळालेल्या मुलींनी आणि बायांनी. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या होत्या. अशाच मुली तिथे अक्षर शिकल्या आणि पुढे छापखान्यात खिळे जुळवू लागल्या.

जुळाऱ्याचे काम डोळ्यांपुढे आणा. खिळ्यावर अक्षर उलटे असते. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे धरून देवनागरीला शेकडो निरनिराळे खिळे लागतात. एकेक उचलून ओळ बांधायची, प्रूफ काढायचे, चूक सापडली की ओळ सोडवून पुन्हा जुळवायची. छपाई झाली की प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. एखादी मात्रा हुकली तर वाचणारा लगेच बोट ठेवतो. सगळे बिनचूक असेल तर जुळवणारीची आठवणही कुणाला होत नाही. त्यातल्या किती जणींची नावे आज आपल्याला सांगता येतील?

रोमकरांस पत्र पौलाचे, हे आपण जाणतो. ते हाताने लिहून काढणारा तर्तिय शेवटच्या अध्यायात एका ओळीपुरता डोकावतो, सलाम सांगतो आणि नाहीसा होतो. प्रभू येशूच्याही आयुष्यातली बहुतेक वर्षे नासरेथात, सुताराच्या घरी गेली, आणि त्या वर्षांबद्दल शुभवर्तमाने जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

मात्र एक सावधगिरी बाळगा. नम्रपणाच्या नावाखाली माणसांपुढे मान तुकवू नका. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही श्रद्धेच्या प्रश्नांवर तिथल्या वडीलधाऱ्यांशी पत्रांतून निर्भीडपणे वाद घातला. देवाची आज्ञा पाळणाऱ्या बाईला माणसांची मर्जी राखावी लागली नाही. मंडळीच्या हिशेबात घोळ दिसला, किंवा एखाद्या कुटुंबाला जातीवरून मागे बसवलेले दिसले, तर ‘मी लहान माणूस’ म्हणून गप्प बसणे हा विश्वासूपणा नाही.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. बाप्तिस्म्याची आणि दफनाची नोंदवही स्वच्छ अक्षरात लिहा. वीस वर्षांनी कुणीतरी दाखल्यासाठी येईल, तेव्हा तुम्ही तिथे नसाल. सहा माणसांसाठीही शनिवारी बसून उपदेशाची पुरी तयारी करा. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडे ठरलेल्या दिवशी जा, कारण ती दाराकडे डोळे लावून बसलेली असते. शब्बाथशाळेतल्या पोरांना त्यांच्या नावाने हाक मारा. आणि कामाची दखल कुणी घेतली नाही म्हणून ते अर्धे सोडू नका. ज्याने तुम्हाला बोलावले, त्याच्या नजरेतून तुमचे कुठलेही काम सुटत नाही.

प्रभू तुम्हा सर्वांना सेवेत स्थिर राखो.