नंबर आपला, नाव आपलं
(घरकामगार बायकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला ‘सोशल मीडियावर आपल्या कामाची जाहिरात कशी करायची’ यावर बोलायला सांगितलंय. मी काही भाषण देणारी नाही. सोळा वर्षं केर-फरशी, धुणी-भांडी केली. आता पुण्यात आम्ही सहाजणी मिळून घरं साफ करून द्यायची कामं घेतो. रंगकामानंतरची सफाई, भाडेकरू गेल्यावर रिकामा फ्लॅट, गौरी-गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीची मोठी आवराआवर. त्यात चुकतमाकत जे कळलं तेच सांगते.

आमची पहिली अडचण फोन कसा वापरायचा ही नव्हती. फोन कुणाचा, ही होती. सहाजणींत स्वतःचा स्मार्टफोन दोघींकडे. बाकीच्यांच्या घरात होता, पण मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. आम्ही पहिली जाहिरात टाकली ती एकीच्या नवऱ्याच्या नंबरवरून. ते बिचारे मदतच करत होते. पण गिऱ्हाईक बोलणार त्यांच्याशी, दर ठरवणार ते, पैसे येणार त्यांच्या खात्यात. दोन महिन्यांनी बघतो तर काय, आम्ही पुन्हा मोलकरणीच. फक्त मालक घरातला झाला. मग वर्गणी काढून आमच्यातल्या एकीच्या नावावर वेगळं सिमकार्ड घेतलं, तिच्याच खात्याला यूपीआय जोडलं आणि दर शनिवारी सगळ्यांसमोर हिशोबाची वही उघडायची असं ठरवलं. त्यावरून एका घरात आठवडाभर अबोला होता, तो किस्सा नंतर चहाच्या वेळी सांगेन.

त्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. २०१८ पासून हे ॲप आहे, पैसे पडत नाहीत. त्यात कामांची यादी फोटोसकट लावता येते, आणि तुमचे हात साबणात असताना ‘संध्याकाळी फोन करतो’ असं उत्तर आपोआप जातं.

सुरुवातीला आम्ही एका सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपमध्ये शिरलो आणि रोज सकाळी जाहिरात टाकत बसलो. चौथ्या दिवशी काढून टाकलं. बरोबरच केलं त्यांनी! मग ब्रॉडकास्ट यादी कळली. एका यादीत २५६ जणांना एकदम निरोप जातो, पण पोचतो फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. तोवर आमचे निरोप हवेत जात होते. आता काम संपलं की दारातच म्हणतो, “ताई, माझ्यासमोर नंबर सेव्ह करा बरं.”

आता फोटोंचं. एका घरातला ओट्याचा ‘आधी’चा फोटो आम्ही स्टेटसला टाकला. काळा, तेलकट, खरं तर छान फोटो होता. त्या बाईंच्या जावेनं टाइल्स ओळखल्या. बाईंना सासरी ऐकून घ्यावं लागलं आणि आमचं ते घर कायमचं सुटलं. आपली जाहिरात दुसऱ्या बाईच्या अब्रूवर होत होती, हे आमच्या लक्षातच आलं नाही. घर घाण म्हणजे बाई वाईट, हा हिशोब आपल्यालाही लागू होतो की. आता आधी विचारतो, होकार मेसेजवर घेतो, आणि नळ, खिडकीची खाच, एक्झॉस्ट फॅन एवढंच दाखवतो. माणसं, देव्हारा, दारावरची पाटी नाही.

आणि आपला चेहरा? यावर आमच्यात मोठं भांडण झालं. एकीच्या मुलीच्या सासरी ती सफाई करते हे माहीत नाही. ती म्हणाली, फोटोत येणार नाही. दुसरी म्हणाली, लाज कसली, चोरी करतो का? सफाई म्हटलं की जात आलीच, फोनवर लोक कामाआधी आडनाव विचारतात. आम्ही पानावर आडनावं लिहीत नाही. मला वाटतं हे बरोबर आहे. आमच्यातल्या दोघींना वाटतं हे लपणं आहे. अजून मिटलेलं नाही.

सगळ्यात जास्त फोन आले ते कशावर, माहितीय? दराच्या जाहिरातीवर नाही. ‘संडासात ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो’ असा छोटा व्हिडिओ आम्ही टाकला. आमच्यातली एक त्या वासानं घुसमटून आजारी पडली होती, ती स्वतः बोलली. लोकांनी तो इकडेतिकडे पाठवला. तोवर आम्ही ‘बाई’ होतो, त्यानंतर ‘तुम्हाला यातलं कळतं’ असं म्हणणारे फोन यायला लागले.

दराबद्दल एकच सांगते. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीनं मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस पाठवण्याची सेवा काढली. नाव ‘इन्स्टा मेड्स’, सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये. टीका झाल्यावर नाव ‘इन्स्टा हेल्प’ केलं. पाटी बदलली, धावायचं कुणी ते बदललं नाही. अशा कंपन्या तोटा सोसू शकतात, आपण नाही. म्हणून ‘सगळ्यात स्वस्त’ कधी लिहू नका. किती बायका येतील, किती तास, सामान कुणाचं, रिक्षाभाडं कुणी द्यायचं ते लिहा. सेप्टिक टँक किंवा गटारात उतरणार नाही, हेही आम्ही लिहितो. सुरक्षेच्या साधनांशिवाय ते काम करवून घ्यायला २०१३च्या कायद्यानं बंदीच आहे.

नंबर जाहीर केला की रात्री-अपरात्री घाणेरडे फोनही येतात. ब्लॉक करा, पण आधी स्क्रीनशॉट ठेवा. गुगलच्या नकाशावर धंदा नोंदवताना घरचा पत्ता लपवता येतो, लपवाच. नव्या घरी पहिल्यांदा दोघी जायचं, पत्ता आपल्या ग्रुपवर टाकूनच. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात दुसऱ्याचं घर हेही कामाचं ठिकाण आहे, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ‘ॲडव्हान्स पाठवतो, पिन टाका’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

बरं, फोन आणलेत ना? ज्यांनी नाही आणला त्यांनी शेजारणीच्या फोनवर बघा. आधी प्रोफाइल उघडा, आणि तिथे नाव कुणाचं आहे ते मला वाचून दाखवा.